आधी उजेड मोजा, मग दिवे घ्या

एमआयडीसीतल्या जुन्या शेडमध्ये पत्र्याखाली सात-आठ मीटरवर टांगलेला, घंटेच्या आकाराचा मोठा दिवा बहुतेकांनी पाहिला असेल. आत ४०० वॅटचा मेटल हॅलाइड असतो, कुठे सोडियम, फार जुन्या ठिकाणी मर्क्युरी. वीज क्षणभर जाऊन परत आली तर यंत्रं लगेच चालू करता येतात, पण हा दिवा लागत नाही. त्याची आतली नळी तापलेली असते. ती निवून तिच्यातल्या वायूचा दाब उतरेपर्यंत दिवा पुन्हा पेटत नाही आणि दहा-पंधरा मिनिटं शेड अंधारात राहते. क्रेनवर माल लटकत असेल, लेथ फिरत असेल, तेव्हा ही दहा मिनिटं फार मोठी असतात. म्हणूनच जेवणाच्या सुट्टीत, पाळी बदलताना, अगदी भर दुपारी ऊन आत येत असतानाही हे दिवे कोणी बंद करत नाही. सकाळी लावले की रात्रीपर्यंत जळत राहतात.

आता या दिव्यांच्या जागी एलईडी येत आहेत आणि यायलाच हवेत. पण ज्या पद्धतीने हे काम बहुतेक ठिकाणी होतं, ती मला पटत नाही. पुरवठादार येतो, दिवे मोजतो, जितके जुने तितकेच नवे लिहून कोटेशन देतो. मालक वॅट पाहतो, भाव पाहतो आणि ऑर्डर देतो. वीज वाचते, यात शंका नाही. पण जिथे उजेड नको होता तिथे तो तसाच राहतो, जिथे कमी होता तिथे कमीच राहतो आणि दोन उन्हाळ्यांत दिवे मरायला लागतात. कारखाना असो, गोदाम, रुग्णालय किंवा शीतगृह असो, दिवा निवडणं हे या कामातलं शेवटून दुसरं पाऊल आहे. त्याआधी काय काय करायचं, ते क्रमाने पाहू.

वॅट, लुमेन आणि लक्स

वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो. त्यातून किती उजेड पडतो, हे वॅट सांगत नाही. दिव्यातून बाहेर पडणारा एकूण उजेड लुमेनमध्ये मोजतात आणि तो एका चौरस मीटर जागेवर किती पडला, हे लक्समध्ये. कामगाराला लक्स लागतो, बिल वॅटचं येतं, आणि या दोहोंच्या मधलं सगळं गणित लुमेनचं आहे.

जुना पिवळा बल्ब एका वॅटला दहा ते पंधरा लुमेन देतो. मर्क्युरी दिवा पन्नासच्या आसपास, साधी ट्यूब साठ ते नव्वद, मेटल हॅलाइड सत्तर ते शंभर, सोडियम शंभर किंवा त्याहून थोडा जास्त. चांगला एलईडी फिटिंगसकट १३० च्या पुढे जातो. हे आकडे पाहून कोणी म्हणेल की सोडियम आणि एलईडीत फार फरक नाही. पण फिटिंगसकट या शब्दाला इथे फार महत्त्व आहे. हॅलाइड किंवा सोडियमची नळी चहूकडे उजेड फेकते. वर आणि बाजूला गेलेला उजेड पत्र्याच्या घंटेवर आपटून खाली येतो, त्यात चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त वाटेतच जातो. घंटेवर धूळ बसली की आणखी जातो. शिवाय नळी जुनी होत जाते तसा तिचा उजेड उतरतो. नवी असताना ३२,००० लुमेन देणारा हॅलाइड त्याच्या आयुष्याच्या उत्तरार्धात दोन तृतीयांशावर येतो, पण वीज मात्र पूर्वीइतकीच ओढतो. त्याचा चोक वेगळे चाळीस-एक वॅट खातो. म्हणजे ४०० वॅटचा दिवा मीटरवर ४४० वॅटचा असतो आणि जमिनीकडे त्याचे पंधरा-सतरा हजार लुमेनच पोचतात.

एलईडीची चिप सपाट असते आणि समोरच उजेड टाकते. चिपमधून निघतो तो मुळात निळा प्रकाश. तिच्यावरचा पिवळसर थर त्यातला काही भाग शोषून पिवळा करतो आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरा दिसतो. तेजस्वी निळी चिप बनवणं जवळजवळ तीस वर्षं कोणाला जमलं नव्हतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये ते साधलं आणि इसामु आकासाकी, हिरोशी अमानो व शुजी नाकामुरा या तिघांना त्यासाठी २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्याकडे त्याच सुमारास भाव कोसळले. २०१४ च्या सुरुवातीला सरकारी खरेदीत एका एलईडी बल्बला ३१० रुपये पडत होते. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेच्या घाऊक निविदांमुळे २०१६ मध्ये तोच भाव ४० रुपयांच्या खाली आला. घरगुती बल्बच्या मागोमाग कारखान्यातले हायबे, म्हणजे उंच छताखाली टांगायचे दिवेही आवाक्यात आले.

रात्रीची मोजणी

पहिलं काम लक्समीटर घेऊन रात्री शेडमध्ये फिरणं. दिवसा मोजलं तर ऊन हिशेबात येतं, म्हणून रात्रीच. मोबाइलवरच्या ॲपवर विसंबू नका. प्रमाणित केलेला लक्समीटर काही हजार रुपयांत मिळतो, भाड्यानेही मिळतो. मीटर जमिनीवर ठेवायचा नाही. काम जिथे होतं त्या उंचीवर, म्हणजे बहुधा टेबलाच्या किंवा यंत्राच्या पातळीवर धरायचा. शेडच्या नकाशावर तीन-तीन मीटरच्या चौकटी आखा आणि प्रत्येक चौकटीत आकडा लिहा. दोन माणसं असली तर एका रात्रीत मोठी शेड होते.

हा नकाशा समोर आला की बऱ्याच गोष्टी आपोआप उघड होतात. दिव्याच्या बरोबर खाली ६०० लक्स आणि दोन दिव्यांच्या मध्ये १२० हे चित्र नेहमीचं आहे. सर्वांत कमी आकडा सरासरीच्या निम्म्याहून खाली असेल, तर तिथल्या माणसाचा डोळा सतत उजेड-अंधारात हेलकावत असतो. रॅकच्या माथ्यावर भरपूर उजेड आणि खालच्या खणात चिठ्ठी वाचता येत नाही, हे गोदामात सर्रास दिसतं.

किती उजेड हवा, यासाठी भारतीय मानक ३६४६ आणि राष्ट्रीय प्रकाशयोजना संहिता आहे. ढोबळ यंत्रकामाला ३०० लक्सच्या आसपास, बारीक जोडणी आणि तपासणीला ५०० ते १०००, कार्यालयाला ३०० ते ५००, साठवणीच्या गोदामाला १०० ते २००, येण्याजाण्याच्या बोळाला १०० च्या आसपास. इथे एक निर्णय घ्यावा लागतो आणि तो पुरवठादारावर सोडू नये. एका कोपऱ्यात व्हर्नियरने माप घेणारा तपासनीस बसतो म्हणून सगळ्या शेडला ७५० लक्स करायचं नसतं. शेडला ३०० द्या आणि त्याच्या टेबलावर वेगळा दिवा द्या. पन्नास फिटिंगमधून वाचत नाही इतकी वीज कधी कधी अशा चार टेबल-दिव्यांनी वाचते, आणि त्या माणसाच्या डोळ्यांचंही भलं होतं.

मोजताना आणखी दोन याद्या करा. कुठला दिवा रोज किती तास जळतो, आणि आज किती दिवे बंद पडलेले आहेत. ही दुसरी यादी कोणी करत नाही. ती का हवी, ते पुढे हिशेबात दिसेल.

किती दिवे लागतील

एक शेड समजा. लांबी ६० मीटर, रुंदी ३० मीटर, म्हणजे १,८०० चौरस मीटर. दिवे आठ मीटर उंचीवर. काम साध्या यंत्रांचं, म्हणून ३०० लक्स. जमिनीला हवा असलेला उजेड झाला १,८०० गुणिले ३००, म्हणजे ५,४०,००० लुमेन.

पण दिव्यातून निघालेलं सगळं कामाच्या पातळीवर येत नाही. काही भिंतींवर जातं, काही यंत्रांच्या आड. समजा ७० टक्के पोचतं. आणि दिवे पुढे धूळ व वयाने मंदावणार, म्हणून आणखी ८० टक्के धरायचे. दोन्हींचा गुणाकार ०.५६. ५,४०,००० ला ०.५६ ने भागलं की जवळपास ९,६४,००० लुमेन येतात. १५० वॅटचा, वॅटला १३० लुमेन देणारा हायबे १९,५०० लुमेनचा असतो. भागाकार केला तर पन्नास दिवे. लांबीत दहा आणि रुंदीत पाच ओळी, प्रत्येक दोन दिव्यांत सहा मीटर. उंचीच्या मानाने हे अंतर ठीक आहे, दोन दिव्यांच्या मध्ये काळोखाचा पट्टा पडणार नाही.

या शेडमध्ये पूर्वी साठ हॅलाइड होते असं धरू. जितके जुने तितके नवे या हिशेबाने साठ एलईडी लागले असते. मोजून केलं तर पन्नास पुरतात. उलटही होतं. कुठे जुन्यांपेक्षा जास्त दिवे लागतात, कारण उजेड आधीपासूनच कमी होता आणि लोक तो सोसत होते. गणित दोन्हीकडे खरं बोलतं, म्हणून ते करायचं.

किरणांचा कोनही इथेच ठरतो. आठ-दहा मीटरवरून ९० अंशांचा कोन चालतो. बारा मीटरच्या वर गेलात तर ६० अंशांचा घ्यावा, नाहीतर उजेड भिंतींवरच सांडतो. उंची दुप्पट झाली की खाली पडणारा उजेड चौथाई होतो, हे विसरून चालत नाही. गोदामातल्या रॅकच्या गल्ल्यांना गोल हायबे लावूच नयेत. गल्लीच्या लांबीत उजेड टाकणारे लांबट दिवे मिळतात, ते घ्यावेत.

पैशांचा खरा हिशेब

साठ हॅलाइड, प्रत्येकी ४४० वॅट, म्हणजे २६.४ किलोवॅट. पन्नास एलईडी, प्रत्येकी १५० वॅट, म्हणजे ७.५ किलोवॅट. बचत १८.९ किलोवॅट. दोन पाळ्या, सोळा तास, वर्षाचे तीनशे दिवस, म्हणजे ४,८०० तास. वर्षाला ९०,७२० युनिट. युनिटला नऊ रुपये धरले तर ८,१६,४८० रुपये. दिवा सात हजाराचा आणि वायर, मचाण, मजुरी मिळून लाखभर धरले तर खर्च साडेचार लाख. साडेसहा-सात महिन्यांत वसूल. कोटेशनमध्ये असाच तक्ता असतो. भाव आणि दर मी धरलेले आहेत, तुमच्या बिलातला आणि तुमच्या बाजारातला आकडा तिथे घाला.

आता ती बंद दिव्यांची यादी काढा. साठांपैकी बारा दिवे बंदच असतील, तर प्रत्यक्षात अठ्ठेचाळीसच वीज खात होते: २१.१२ किलोवॅट. मग बचत १३.६२ किलोवॅट, वर्षाला ६५,३७६ युनिट, रुपयांत ५,८८,३८४. वसुली नऊ महिन्यांच्या थोडी पुढे जाते. व्यवहार अजूनही उत्तम आहे. पण बँकेला किंवा संचालक मंडळाला आठ लाख सांगून बिलात पावणेसहा दिसले की पुढच्या प्रत्येक कामावरचा विश्वास उडतो. खरा आकडा आधी सांगणं सगळ्यांच्या हिताचं असतं.

तास बदलले की सगळं बदलतं. साखर कारखान्याचा हंगाम चार-पाच महिन्यांचा, त्यामुळे तिथे वसुलीला जास्त काळ लागतो. पण ज्यांच्याकडे बगॅसवर सहवीजनिर्मिती आहे, त्यांचं वाचलेलं प्रत्येक युनिट ग्रिडला विकलं जातं, तेव्हा त्यांनी विक्रीच्या दराने हिशेब मांडावा. तासगाव-सांगलीकडची बेदाण्याची शीतगृहं हा आणखी वेगळा प्रकार. थंड खोलीत दिव्याने खाल्लेला प्रत्येक वॅट शेवटी उष्णता होतो आणि ती बाहेर काढायला कॉम्प्रेसरला पुन्हा वीज लागते. तिथे दिव्याची बचत दोनदा मिळते. शिवाय थंडीत साधी ट्यूब मंद होते, एलईडी मात्र खुलतो.

दिवा मरतो तो ड्रायव्हरमुळे

एलईडीचं आयुष्य ५०,००० तास असं खोक्यावर लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ तितक्या तासांनी उजेड मूळच्या ७० टक्क्यांवर येईल. हा आकडा चिपचा असतो. फिटिंगमध्ये चिपबरोबर एक ड्रायव्हर असतो, जो २३० व्होल्टची एसी वीज चिपला चालेल अशा स्थिर डीसी प्रवाहात बदलतो. बंद पडलेले दहा एलईडी दिवे उघडून पाहिले तर बहुतेकांत चिप शाबूत आणि ड्रायव्हर गेलेला दिसतो. ड्रायव्हरमधला कपॅसिटर उष्णतेने सुकतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं.

आता विदर्भ-खानदेशातला मे महिना आठवा. बाहेर ४५ अंश, पत्र्याच्या लगत त्याहून कितीतरी जास्त. २५ अंशांच्या प्रयोगशाळेत ५०,००० तास टिकणारा दिवा तिथे तितका टिकणार नाही. म्हणून बुटीबोरी, चंद्रपूर, जळगावकडच्या शेडसाठी ५० अंश किंवा त्याहून जास्त सभोवतालच्या तापमानाला चालेल असं लेखी असलेली फिटिंगच मागवावी. दिवा पत्र्याला चिकटवू नये, खाली साखळीवर सोडावा. ड्रायव्हर वेगळा बदलता येईल अशीच रचना घ्यावी, कारण सगळी फिटिंग फेकून देण्यापेक्षा ड्रायव्हर बदलणं कितीतरी स्वस्त. या एका अटीसाठी थोडे जास्त पैसे मोजावे लागले तरी मोजावेत, असं माझं ठाम मत आहे.

दुसरा शत्रू व्होल्टेज. ग्रामीण फीडरवर ते खालीवर होतं, मोठ्या मोटरी सुरू-बंद झाल्या की झटके येतात, वळवाच्या पावसात विजा पडतात. आतल्या दिव्याला निदान चार किलोव्होल्टचं आणि आवारातल्या खांबावरच्या दिव्याला दहा किलोव्होल्टचं सर्ज संरक्षण मागावं. आणि न्यूट्रल तपासावी. थ्री-फेज पॅनलमधली न्यूट्रल सैल झाली तर एखाद्या फेजवर ४०० व्होल्टच्या जवळ दाब चढतो आणि एका क्षणात त्या ओळीतले सगळे ड्रायव्हर जळतात. नवे दिवे लावण्याआधी वायरमनला प्रत्येक न्यूट्रल जोड आवळायला लावा, अर्थिंग मोजायला लावा. या कामाला एक दिवस जातो, पण तो वाचवू नये.

कोकणात लोटे-परशुराम, रत्नागिरीकडे उन्हापेक्षा खारट दमट हवा जास्त नडते. तिथे आयपी ६५ बंदिस्त फिटिंग आणि गंजरोधक स्क्रू हवेत. इचलकरंजीच्या मागांवर आणि सूतगिरण्यांत सुताचा तंतू दिव्याच्या उष्णता सोडणाऱ्या पंखांवर बसतो आणि उष्णता आत कोंडते, म्हणून वरून गुळगुळीत, सहज पुसता येणारी फिटिंग घ्यावी. रसायन कारखान्यांत जिथे ज्वालाग्राही वाफ असते, तिथे ज्वालारोधक प्रमाणित फिटिंगच लागते. जुन्या ज्वालारोधक फिटिंगमध्ये नुसता एलईडी बल्ब पिळून बसवला की तिचं प्रमाणपत्र संपतं. असं करू नका, कोणी स्वस्तात करून देतो म्हणाला तरी करू नका.

लुकलुक आणि रंग

कारखान्यात उजेडाचा एक धोका डोळ्यांना दिसत नाही. आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची, त्यामुळे चोकवरचा दिवा सेकंदाला शंभर वेळा उजळतो आणि मंदावतो. लेथचा चक या लयीशी जुळून फिरत असेल तर तो थांबल्यासारखा किंवा उलटा फिरल्यासारखा दिसतो. म्हणून जुने जाणते इलेक्ट्रिशियन शेजारशेजारचे दिवे वेगवेगळ्या फेजवर टाकत असत, म्हणजे एक मंदावला तेव्हा दुसरा उजळ असे. एलईडीने हा धोका आपोआप जात नाही. स्वस्त ड्रायव्हर असेल तर एलईडी अधिकच तीव्र लुकलुकतो, कारण चिप लगेच विझते आणि लगेच पेटते. परीक्षा सोपी आहे. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये दिव्याचं चित्रीकरण करा. पडद्यावर उजेड धडधडताना दिसला तर तो दिवा फिरत्या यंत्राजवळ लावू नका.

रंगाचं म्हणाल तर सोडियमच्या पिवळ्या उजेडात लाल आणि तपकिरी वायर सारख्याच दिसतात. त्याचा रंग-निर्देशांक शंभरपैकी जेमतेम वीस-पंचवीस. एलईडीत कारखान्याला ८० पुरतो. कापडाची छटा जुळवणं, छपाई आणि रुग्णालय यांना ९० हवा. कावीळ किंवा ओठांची निळसर झाक डॉक्टरांना त्वचेच्या रंगावरूनच कळते, तिथे पैसे वाचवू नयेत. आणि सगळीकडे ६,५०० केल्विनचा निळसर पांढरा उजेड लावायची जी पद्धत पडली आहे, ती रात्रपाळीच्या माणसांना त्रासाची आहे. शेडला ४,००० ते ५,००० पुरेसा पांढरा वाटतो.

ट्यूबच्या पट्ट्या

कार्यालयात, शाळेत, वॉर्डात जुन्या ट्यूबच्या पट्ट्या असतात. चाळीस वॅटची ट्यूब आणि तांब्याचा चोक मिळून पन्नास वॅटच्या आसपास खातात. एलईडी ट्यूब अठरा-वीस वॅटमध्ये तेवढाच उजेड कामाच्या जागी देते. मोह असा होतो की जुनी पट्टी ठेवून फक्त ट्यूब बदलावी. चोक काढून वायर फिरवली की ते चालतंही. पण काही ट्यूबना वीज एका टोकाने देतात, काहींना दोन्ही टोकांनी. वायर एका प्रकाराची आणि पुढे कोणी आणून लावलेली ट्यूब दुसऱ्या प्रकाराची असली तर शॉर्ट होतो. दोन्ही टोकांची ट्यूब लावताना एक टोक होल्डरमध्ये आणि दुसरं हातात असलं तर शिडीवरच्या माणसाला झटका बसू शकतो. मोठ्या जागेत, जिथे दहा वर्षांत दहा वेगवेगळी माणसं ट्यूब बदलणार आहेत, तिथे सबंध पट्टीच बदललेली बरी.

कळ कोणाच्या हातात

एलईडी क्षणात लागतो आणि क्षणात विझतो. कामाच्या पद्धतीत त्याने होणारा सर्वांत मोठा बदल हाच आहे, पण वायरिंग जुनीच ठेवली तर तो हाती लागत नाही. अनेक शेडमध्ये वीस-वीस दिवे एकाच एमसीबीवर असतात आणि ओळी भिंतीला आडव्या गेलेल्या असतात. एका कोपऱ्यात दोन माणसं काम करत असली तरी सगळी शेड उजळते. दिवे बदलतानाच ओळी वेगळ्या करून घ्या: खिडक्यांलगतची ओळ वेगळी, यंत्रांची वेगळी, मधल्या रस्त्याची वेगळी. गोदामाच्या गल्लीत, स्वच्छतागृहात, जिन्यात हालचाल ओळखणारे सेन्सर लावा. फिरत्या यंत्रांवर मात्र सेन्सर नको. माणूस स्थिर उभा राहून काम करत असताना दिवा विझता कामा नये.

आणि दिवसाचा उजेड फुकट आहे. मुंबईच्या गिरणगावात आणि सोलापुरात जुन्या गिरण्यांची करवती छपरं यासाठीच होती. काचा उत्तरेकडे, म्हणजे थेट ऊन आत न येता दिवसभर मऊ, सारखा उजेड. आजच्या सपाट उताराच्या पत्र्यात अधूनमधून पारदर्शक पॉलिकार्बोनेटचे पत्रे बसवले आणि दोन वर्षांतून एकदा धुतले, तर महाराष्ट्रातल्या बहुतेक शेडना पावसाळा सोडून सकाळी नऊ ते दुपारी चार दिवे लागत नाहीत. सेन्सर बाहेरचा उजेड पाहून दिवे मंद करू शकतो. धूळ आणि वयासाठी २० टक्क्यांची जी तूट आपण धरली होती, तिच्यामुळे पहिली काही वर्षं उजेड गरजेपेक्षा जास्त असतो. मंद करायची सोय असेल तर ती वीजही वाचते.

बिलाची दुसरी बाजू

महावितरणच्या उच्चदाब ग्राहकांना एप्रिल २०२० पासून केव्हीएएच मोजून बिल येतं. म्हणजे पॉवर फॅक्टर घसरला की त्याचा दंड बिलातच भरला जातो. जुन्या हॅलाइडच्या चोकमुळे पॉवर फॅक्टर पडत असे, म्हणून फिटिंगमध्ये आणि पॅनलमध्ये कपॅसिटर बसवलेले असत. चोक गेले आणि ते कपॅसिटर तसेच राहिले, तर फॅक्टर उलट्या बाजूला जातो आणि त्याचाही भुर्दंड पडतो. दिवे बदलल्यावर पॅनलमधले कायमचे जोडलेले कपॅसिटर तपासून घ्या. नव्या दिव्यांचा पॉवर फॅक्टर ०.९५ च्या वर आणि हार्मोनिक्स १५ टक्क्यांच्या आत असावेत. भार उतरला की करारातली मागणीही कमी करून घेण्यासाठी अर्ज करा. तो केला नाही तर न वापरलेल्या किलोवॅटचे पैसे भरत राहाल.

हाती भांडवल नसेल तर ऊर्जा सेवा कंपनीचा मार्ग आहे. कंपनी दिवे स्वतःच्या पैशाने लावते आणि ठरलेली वर्षं बचतीतला हिस्सा घेते. २००९ मध्ये स्थापन झालेल्या ईईएसएल या सरकारी कंपनीने देशभरात पथदिवे अशाच पद्धतीने बदलले. या करारात भांडण होतं ते जुना वापर किती होता यावरून. रात्रीचा नकाशा, तासांची नोंद आणि बंद दिव्यांची यादी दोघांच्या सह्यांनिशी असेल तर भांडायला जागा उरत नाही.

लावण्याआधी आणि लावल्यानंतर

ऑर्डरच्या आधी शेडच्या एका भागात चार-सहा दिवे लावून बघा. महिनाभर दोन्ही पाळ्यांना त्याखाली काम करू द्या. डोळे दिपतात का, सावली कुठे पडते, हे यंत्रावरचा माणूस जितकं अचूक सांगेल तितकं कुठलाही तक्ता सांगणार नाही. त्याला विचारा आणि तो सांगेल तसा कोन किंवा जागा बदला. पुण्याकडच्या कारखान्यांत गुरुवारची सुट्टी असते, काम त्या दिवशी टप्प्याटप्प्याने करता येतं. उंचीवर चढणाऱ्या प्रत्येकाला पट्टा आणि सीझर लिफ्ट द्या. यंत्रावर शिडी टेकवून दिवा बदलण्याची परवानगी कोणालाच नको.

उतरवलेल्या ट्यूब आणि मर्क्युरी नळ्या भंगारवाल्याला देऊ नका. प्रत्येक ट्यूबमध्ये काही मिलिग्रॅम पारा असतो. फुटली की तो हवेत जातो, आणि भंगाराच्या गाळ्यात ती फोडणारा माणूस बहुधा उघड्या हातांनी फोडत असतो. ई-कचरा नियमांत हे दिवे येतात. ते मूळ पुठ्ठ्यांत उभे भरून अधिकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे पाठवा आणि पावती जपून ठेवा.

शेवटी पुरवठादाराशी करार करताना दहा टक्के रक्कम मागे ठेवा. दिवे लागून शंभर तास झाले की पुन्हा रात्री त्याच चौकटींत, त्याच उंचीवर लक्स मोजा आणि पॅनलवर क्लॅम्प मीटरने वॅट मोजा. दोन्ही आकडे कागदावरच्या आकड्यांशी जुळले, तरच ती रक्कम द्या.